आभाळीचे दोन लॉट

गवत बघायला बसने कशाला जायचं, या एका प्रश्नावर अण्णा तीन महिने अडून बसले होते. मेघाश्रीने पाचव्यांदा विचारलं ते गौरी-गणपती आटोपल्यावर. सणाच्या आधीचे दोन आठवडे अण्णा बेंगळुरूच्या चिकपेटातल्या दुकानात रोज अकरा तास उभे होते, आणि आता गिऱ्हाईक ओसरलं होतं. रविवारी दुकान तसंही बंद.

"सरी, बरं, येतो," अण्णा म्हणाले. "पण दुपारी जेवायला घरी यायचं."

"दुपारी तिथेच जेवायचं. आईनं डबा कबूल केलाय."

"म्हणजे तुम्हा दोघींचं ठरलेलं. मला नुसतं कळवायला विचारता."

"तुम्हाला कळवलं नाही तर तुम्ही विचारता, मला का नाही विचारलं," आतून आई म्हणाली, आणि विषय मिटला.

अण्णांचं, म्हणजे मेघाश्रीच्या वडिलांचं, नाव वेणुगोपाल. त्यांच्या आजोबांनी काढलेलं दुकान फक्त ब्लाऊजच्या कापडाचं. बाई साडी घेऊन येते, अण्णा साडीचा पदर बोटात धरतात, मागच्या फळीवरच्या चारशे ताक्यांतून एक ताका ओढतात, आणि साडी, ताका आणि बाई अशा तिघांना घेऊन दुकानाच्या पायरीवर उन्हात जाऊन उभे राहतात. ट्यूबलाइटखाली रंग ठरवायचा नाही, हा त्यांचा नियम. लहानपणी मेघाश्रीला या पायरीवरच्या नाटकाची लाज वाटायची. वर्गातली कुणी मुलगी नेमकी त्याच वेळी समोरून जायची.

मेघाश्रीने वनस्पतिशास्त्रात एमएस्सी केलं आणि गेल्या वर्षी जूनमध्ये ती एका छोट्या संस्थेत लागली. संस्थेकडे हुल्लुकेरेच्या माळावरची झाडं-फुलं मोजायचं काम होतं. हुल्लुकेरे मल्लेश्वरमच्या घरापासून बसने सव्वा तासावर. तीन गावांचं हे जुनं गोमाळ, म्हणजे गुरं चारायची सामाईक जमीन. दोन वर्षांपूर्वी माळ राखीव झाला. गुरं अजून चरतात, तेवढी मुभा गावकऱ्यांनी भांडून ठेवून घेतली. पण राखीव झाल्याची बातमी आली आणि शहरातून माणसं यायला लागली. फुलांत बसून फोटो काढणारी, फुलांत झोपून फोटो काढणारी, आणि एकदा तर फुलांत केक कापणारीसुद्धा. म्हणून वनखात्याने ठरवलं की सगळ्यांनी चालायची एकच वाट आखायची, दगड बसवून, तीन मीटर रुंद, म्हणजे बाकीचा माळ तुडवला जाणार नाही. वाट कुठून न्यायची हे मेघाश्रीच्या मोजणीवर ठरलं होतं. तिने अहवालात लिहिलं, पूर्वेच्या उतारावरून न्या. तिथे आभाळी नावाच्या रानफुलाशिवाय विशेष काही नाही, आणि आभाळी माळावर सगळीकडे आहे. अहवालाखाली तिची सही होती. नोकरीतली पहिली सही. उद्या, सोमवारी सकाळी सात वाजता, वाट आखायला उतारावर चुन्याची फक्की मारायची होती आणि मंगळवारी खणायला माणसं येणार होती. त्याआधी माळ जसा आहे तसा अण्णांना दाखवावा, एवढाच तिचा हेतू होता.

नेहमी ती शेवटच्या थांब्यावर, तळ्याच्या बाजूला उतरायची. पण अण्णांनी बसमध्ये कंडक्टरशी कन्नडमध्ये गप्पा मारून स्वतःच्या गुडघ्याची माहिती दिली, आणि कंडक्टरने त्यांना दोन थांबे आधी, पूर्वेच्या गावापाशी उतरवलं. "इथून चढ नाही," तो म्हणाला. मेघाश्री थोडी चिडली. तळ्याकाठची फुलं आधी दाखवायचं तिने मनात ठरवलं होतं.

साडेआठ वाजले होते. गावाची शेवटची भिंत संपली, कुंपणातली चिंचोळी फट ओलांडली, आणि समोर एकदम काहीच नव्हतं. झाड नाही, इमारत नाही. नुसतं गुडघ्याच्या खालपर्यंतचं गवत, आणि ते थेट आभाळापर्यंत गेलेलं. गवतात पिवळा कवला, गेंदाची पांढरी बटणं, आणि खाली जमिनीलगत आभाळीचा जांभळा-निळा थर. वारा आला की गवत वाकायचं आणि खालचा रंग वर यायचा.

अण्णा थांबले. मग त्यांनी चपला काढल्या.

"अण्णा, काटे आहेत."

"असू देत." ते पुढे चार पावलं गेले आणि लहानपणीच्या लाडाच्या नावाने त्यांनी विचारलं, "पुट्टी, याला पाणी कोण घालतं?"

"कुणी नाही. पाऊस."

"आणि बी?"

"आपलं आपणच पडतं. गुरांच्या पायातून, शेणातून इकडेतिकडे जातं."

"म्हणजे कुणीच काही करत नाही, आणि हे असं होतं." अण्णांनी कपाळावर हात धरून लांबपर्यंत पाहिलं. "आम्ही सूरतवरून माल मागवतो, त्यात सुद्धा इतके शेड नसतात."

मेघाश्रीला एवढं बरं वाटलं, की बसमधला राग कुठे गेला ते तिला कळलं नाही. ती त्यांना नावं सांगू लागली. अण्णा एकेक नाव ऐकून मान हलवत होते, दुकानात नवीन माल उघडताना हलवतात तशी. दोघं उताराच्या मध्यावर आले. इथे माती संपून बारीक पांढऱ्या खड्यांचा एक पट्टा लागत होता, चार-पाच मीटर रुंद, वरपासून खालपर्यंत. उद्याची फक्की याच पट्ट्यावरून जाणार होती, खड्यांमुळे चिखल होत नाही म्हणून.

अण्णा पट्ट्याच्या कडेला थबकले. एकदा उजवीकडे पाहिलं, एकदा पायाशी.

"हे दोन लॉट आहेत," ते म्हणाले.

"काय?"

"हे तुझं जांभळं फूल. तिकडचं वेगळं, हे खड्यातलं वेगळं. एकाच नंबरचा माल, पण दोन वेळा रंगवलेला असतो ना, तसं. गिऱ्हाइकाला कळत नाही. बाही एका लॉटची आणि पाठ दुसऱ्या लॉटची शिवली की मग कळतं."

"अण्णा, एकच आहे ते. आभाळी. जमीन बदलली की रंग थोडा इकडेतिकडे होतो."

"थोडा इकडेतिकडे झाला असता तर मध्ये कुठेतरी मिसळला असता. हा मिसळत नाही. ही कड बघ. इकडे एक, तिकडे दुसरा."

"ऊन तिरकं आहे म्हणून वाटतं."

अण्णांनी तिच्याकडे तसं पाहिलं, जसं दुकानात कुणी त्यांना 'भय्या, वही कलर है' म्हटल्यावर पाहतात. मग खिशातून पांढरा रुमाल काढला, घडी घातली आणि गुडघा जपत खाली बसले. फूल न तोडता त्यांनी रुमाल एका फुलामागे धरला. "शेजारच्या गवताचा हिरवा डोळ्याला फसवतो. पांढऱ्यावर बघायचं." मग बसल्याबसल्या दोन हात सरकून पट्ट्याबाहेरच्या फुलामागे धरला. "आता बोल."

पांढऱ्यावर पहिलं फूल निळ्याकडे झुकलेलं होतं आणि दुसरं गुलाबीकडे. एकदा दिसल्यावर ते न दिसणं शक्य नव्हतं. सबंध उतारावर, पांढऱ्या खड्यांच्या पट्ट्याबरोबर, निळ्याची एक सरळ नदी खाली उतरत होती.

तिने गळ्यातलं भिंग काढलं आणि पोटावर आडवी झाली. आधी पट्ट्याबाहेरचं फूल: सहा पुंकेसर, त्यांच्या दांड्यांवर मण्यांच्या माळेसारखी लव, दांडी टोकापर्यंत सारखी बारीक. मग पट्ट्यातलं: तशीच लव, पण परागकोशाच्या जरा खाली दांडी फुगलेली, सूत कातायच्या चातीसारखी. तिने पट्ट्यातलं दुसरं निळं फूल पाहिलं, तिसरं पाहिलं, दहा पाहिली. सगळ्यांत फुगीर. पट्ट्याबाहेर दहा पाहिली. एकातही नाही. अशी रचना तिने पुस्तकात वाचली होती आणि संस्थेच्या कपाटातल्या एका वाळलेल्या नमुन्यात पाहिली होती. त्या कागदावर शहराच्या आसपासच्या एका गावाचं नाव होतं आणि तारीख सत्तर वर्षांपूर्वीची. नाव ठामपणे सांगायला अजून बियांपर्यंत थांबावं लागणार होतं. पण ही आभाळी नव्हती, एवढं पक्कं होतं.

ती उठून बसली. कोपरांना खडे चिकटले होते.

"काय गं? तोंड का असं?"

"अण्णा, मी दोन मोसम इथे येतेय. चोवीस वेळा."

"मग?"

चूक कुठे झाली ते शोधायला तिला दोन मिनिटंही लागली नाहीत, आणि म्हणूनच ते जास्त झोंबलं. माळावर कुठे चौकटी मांडायच्या हे तिने चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं. कुठल्याही जागेला झुकतं माप मिळू नये म्हणून. ते ती सगळ्यांना अभिमानाने सांगायची. पण त्या चौकटी कुठल्या क्रमाने पाहायच्या, याची चिठ्ठी तिने कधी टाकली नव्हती. बस तळ्यापाशी सोडायची, म्हणून सुरुवात तळ्यापासून, आणि पूर्वेचा उतार सगळ्यांत शेवटी, एक-दीड वाजता. आभाळी साडेबारापर्यंत मिटते. चोवीस वेळा तिने या उतारावर मिटलेल्या कळ्या मोजल्या, पानं पाहिली, पानं तर दोघींची सारखीच, आणि लिहिलं: आभाळी, भरपूर. फुलांचे फोटो अजित नावाच्या एका हौशी निसर्गप्रेमीच्या चमूने सकाळी काढलेले असायचे, ते तिने तपासले होते. फोटोत सगळंच एका जांभळ्या रंगाचं दिसत होतं.

तिने हे सगळं अण्णांना सांगितलं. उद्याची फक्की, मंगळवारचं खणणं, आणि अहवालावरची सहीसुद्धा. सही तिची होती आणि काम वर्षावर्षाच्या करारावर होतं.

अण्णांनी रुमाल झटकला. "एकदा मी एका लग्नाचे बावीस ब्लाऊज चुकीच्या लॉटमधून कापले होते. सगळे गेले, शिवून झाले. मलाच संध्याकाळी कळलं, आणखी कुणाला नाही."

"मग?"

"मग काय, गेलो बनशंकरीला त्यांच्या घरी. तुझ्या आईला वाटलं आता हे मार खाऊन येणार."

"आणि?"

"कॉफी दिली. शिव्या पण दिल्या. आधी शिव्या." अण्णांनी रुमालाची घडी घातली. "फोन कर."

या माळाचे अधिकारी प्रवीणकुमार. मेघाश्रीने फोन केला तेव्हा मागे नादस्वर वाजत होता. येलहंक्याला मेव्हणीचं लग्न होतं. तिने कन्नडमध्ये एका दमात सांगितलं: सर, माझ्या अहवालात चूक आहे, पूर्वेच्या उतारावर दुसरी जात आहे, उद्याची फक्की थांबवा.

"एनम्मा," प्रवीणकुमार म्हणाले, "सही करून दिलीस ना तू? वरपर्यंत गेलंय ते. फोटो पाठव."

तिने फोटो काढले, रुमालावर धरून काढले. पडद्यावर दोन्ही फुलं जुळ्या बहिणींसारखी एकाच जांभळ्या रंगात हसत होती. फोनने दोन्हींना नीटनेटकं करून टाकलं होतं. भिंगातून काढलेल्या फोटोत केसाएवढी दांडी धूसर आली. तिने तरी पाठवले. पाच मिनिटांनी उत्तर आलं: 'दोन्ही सेम आहेत.'

तिने पुन्हा फोन केला. "सर, फोटोत दिसत नाही. डोळ्यांनीच बघावं लागेल. साडेबाराच्या आत. नंतर फुलं मिटतात."

"मुहूर्त साडेदहाचा आहे गं!"

"मग नंतर या सर. मी इथेच आहे."

फोन बंद झाला. येतो म्हणाले नाहीत, येत नाही असंही म्हणाले नाहीत.

"तोपर्यंत मोजू," अण्णा म्हणाले. "तो येवो न येवो, माल किती आहे ते माहीत पाहिजे."

दहा वाजता अजित आपल्या चार माणसांना घेऊन आला. अजित पुण्याचा, आयटीत, बेंगळुरूला चार वर्षं, आणि दर रविवारी माळावर. प्रत्येक फुलाची तुलना तो कासच्या पठाराशी करायचा आणि निकाल कधी कासच्या बाजूने, कधी हुल्लुकेरेच्या बाजूने द्यायचा. मेघाश्रीने त्याला रुमालावरची दोन फुलं दाखवली.

"ओह शिट," अजित म्हणाला. मग अण्णांना पाहून, "सॉरी काका. पण म्हणजे आमचे सगळे फोटो बाद? आठशे अपलोड केलेत मी."

"फोटो बाद नाहीत. आपण फोटोंवर विसंबलो, ते बाद."

"तू 'आपण' म्हणतेस हे फार डीसेंट आहे," अजित म्हणाला आणि पाठीवरची सॅक खाली टाकली. "सांग, काय करायचं?"

मग दोन तास काम झालं. मेघाश्रीने पट्ट्यावर वरपासून खालपर्यंत एक मीटरच्या बारा चौकटी मांडल्या, आणि या वेळी क्रमाच्याही चिठ्ठ्या टाकल्या. अण्णा प्रत्येक चौकटीपाशी बसून नुसतं बोट फिरवत सांगत होते, "नवा, नवा, जुना, नवा, हे दोन जुने." मेघाश्री मागून प्रत्येक पाचवं फूल भिंगाखाली तपासत होती. पहिल्या तीन चौकटींत तिने अण्णांची चूक निघेल म्हणून फार बारकाईने पाहिलं. निघाली नाही. चौथीत एक निघाली, तेव्हा तिला जवळजवळ आनंद झाला.

"ते सुकायला आलंय," अण्णा म्हणाले. "धुतलेल्या कापडाचं मी सांगत नाही. कोऱ्याचंच सांगतो."

पट्ट्यात नवी एकशे त्रेसष्ट, जुनी अठ्ठ्याऐंशी. अजितच्या माणसांनी पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना वीस-वीस मीटरपर्यंत पाहिलं. तिथे नवी एकही नाही. फक्त खड्यांत, आणि जवळजवळ सगळी त्या तीन मीटरच्या वाटेखाली यायच्या बेतात.

सव्वाबारा वाजत आले. कडेची काही फुलं आकसायला लागली होती. मेघाश्री कुंपणाकडे पाहत होती आणि न पाहिल्यासारखं करत होती. कुणी आलं नाही तर उद्या सातला ती स्वतः येऊन फक्कीच्या पोत्यासमोर उभी राहणार होती, हे तिने ठरवून टाकलं. त्यानंतर नोकरीचं काय व्हायचं ते होईल.

तेवढ्यात अजित म्हणाला, "हे कोण?"

कुंपणाच्या फटीतून एक माणूस आडवा होऊन आत येत होता. रेशमी शर्ट, लुंगीसारखी नेसलेली जरीकाठी पांढरी पंचे, आणि ती पंचे एका हाताने गुडघ्यापर्यंत उचलून धरलेली. कपाळावर अक्षता तशाच.

"बारा मिनिटं आहेत माझ्याकडे," प्रवीणकुमार लांबूनच म्हणाले. "पंगतीत मला शोधतायत. दाखव."

मेघाश्री पुढे झाली आणि एकदम दांड्या, लव, परागकोश असं सुरू केलं. प्रवीणकुमार भिंगातून पाहत होते, पण घाम भिंगावर पडत होता. "मला सगळं एकच दिसतंय अम्मा."

तिने अण्णांकडे पाहिलं.

अण्णा उठले. "साहेब, असे या. ऊन पाठीवर घ्या. उभ्यानेच. आता जवळचं बघू नका. ती खालची बाभळीची काटकी दिसते? तिथपासून वर बघा, सगळं एकदम. साडी पसरल्यावर बघतात तसं."

प्रवीणकुमारांनी पाहिलं. मग त्यांच्या हातातून पंचे सुटली.

"अय्यो," ते म्हणाले. "नदी आहे ही."

वारा आला, गवत वाकलं, आणि निळं पाणी उतारावरून खाली गेलं. नंतर प्रवीणकुमार खाली बसले आणि अण्णांच्या रुमालावर त्यांनी दोन्ही फुलं पुन्हा पाहिली. मेघाश्रीने आकडे सांगितले, आणि वाट पंधरा मीटर बाजूने नेली तर एकही रोप जात नाही, हेही सांगितलं.

"पंधरा मीटर बाजूला म्हणजे पुन्हा नकाशा, पुन्हा माझी सही, पुन्हा तुझी सही." ते उठले, गुडघ्यावरचे खडे झाडले. "उद्या फक्की मारणार नाही. पुढचं वर काय म्हणतात ते बघू. पण अहवालात नीट लिही. आधीचा का चुकला ते पण. झाकायचं नाही."

"लिहिते सर."

"झाकलं असतंस तर मला कळलं नसतं," प्रवीणकुमार म्हणाले. ते थोडं ओरडल्यासारखं होतं आणि थोडं नव्हतं. मग ते पंचे सावरत घाईघाईने निघाले. कुंपणापाशी वळून त्यांनी अण्णांना नमस्कार केला.

अजितची माणसं तळ्याकडे गेली. अण्णा आणि मेघाश्री एका सपाट खडकावर बसली. डब्यात चित्रान्न होतं, भाकरी आणि शेंगांची चटणी. दोघांनाही सडकून भूक लागली होती. समोर उतारावरचा रंग हळूहळू आत ओढला जात होता. एक वाजेपर्यंत नुसतं हिरवं गवत राहिलं. कुणी आत्ता आलं असतं तर म्हणालं असतं, इथे विशेष काही नाही.

मेघाश्रीने वही उघडली. आजच्या नोंदीत तारीख, वेळ, चौकटींचा क्रम. 'निरीक्षक' या रकान्यात तिने स्वतःचं नाव लिहिलं आणि शेजारी आणखी एक.

अण्णांनी वाकून पाहिलं. "माझं कशाला? लोक हसतील. कापडवाला."

"पहिल्यांदा ज्यानं पाहिलं त्याचं नाव लिहायचं असतं अण्णा. तसा नियमच आहे."

"मग पूर्ण लिही. नुसतं वेणुगोपाल म्हणजे चिकपेटात चाळीस निघतील."

तिने पूर्ण लिहिलं. थँक यू म्हणावंसं तिला वाटत होतं, पण त्यांच्या घरात तो शब्द बाहेरच्यांसाठी होता. तिने उरलेली चटणी त्यांच्या भाकरीवर घातली. अण्णांनी ती निम्मी परत तिच्या पानात सरकवली.

"पुट्टी, या उताराशिवाय आणखी किती जागा तू दुपारीच बघितल्यास?"

तिने वहीत मोजलं. एकदा मोजलं, मग खात्रीसाठी पुन्हा. "नऊ चौकटी. उत्तरेच्या टेकाडावर."

"तिथे सकाळी कधी गेलीच नाहीस?"

"एकदाही नाही."

अण्णांनी बोटं चाटली, हात धुतले आणि टेकाडाकडे पाहिलं. इथून ते साधं, हिरवं, बोडकं दिसत होतं.

"पुढच्या रविवारी साडेसहाची बस आहे का?"

"आहे."

"स्वल्प आधीची बघ," अण्णा म्हणाले.